नर्सिंग होममधल्या स्टाफला तीव्र ॲलर्जीच्या उपचाराचं ट्रेनिंग कसं द्यावं?

धंतोलीतल्या तुमच्या छोट्या नर्सिंग होमसाठी एक लेक्चर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच भूलतज्ज्ञ आहे, असं ट्रेनिंग देते. लेक्चर ठेवा, पण त्यानं हाताची सवय सुटत नाही. अँटिबायोटिक दिल्याबरोबर पेशंटचे ओठ सुजले, श्वास कोंडला, की सिस्टरचा हात आधी एव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टकडे (स्टेरॉइड) जातो. ती दोन्ही नंतरची औषधं. एव्हिलनं खाज-गांधी कमी होतील, हायड्रोकॉर्टला तर काही तास लागतात. बीपी आणि श्वास सावरते ती ॲड्रिनलीन. आणि अंगावर गांधी नाहीत म्हणून थांबायचं नाही. काहींना त्या उठतच नाहीत, थेट बीपी पडतो.

मोठ्या माणसाला ॲड्रिनलीन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. घोळ होतो तो इथे: कार्डियाक अरेस्टला अख्खं १ मिलिग्रॅम शिरेतून देतात, तेच डोक्यात बसलेलं असतं. नाडी लागत असलेल्या पेशंटला तसं दिलं तर हृदयाची लय बिघडू शकते.

म्हणून सराव वॉर्डातच घ्या, नाइट ड्युटीलाही. सलाइनच्या अँप्युलमधून प्रत्येकीला अर्धा मिलिलिटर भरायला लावा. इमर्जन्सी औषधांच्या ट्रॉलीला कुलूप आणि चावी इन्चार्जच्या पर्समध्ये, असले प्रकार तेव्हाच कळतात! वॉर्डबॉय मामांनाही घ्या: ऑक्सिजन आणायचा, पेशंटला आडवं ठेवून पाय वर करायचे (फार धाप असेल तर बसू द्यावं), बाथरूमला चालवत न्यायचं नाही.

सिस्टरांना औषधापेक्षा नंतर कोण ओरडेल याची जास्त भीती असते. आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) येईपर्यंत थांबायचं नाही, पहिला डोस द्यायचा, असं तुमच्या सहीनिशी लिहून ट्रॉलीवर चिकटवा. पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट घेत असाल, तर अँटिव्हेनमचीही (सापाच्या विषावरचं औषध) अशी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ते सुरू करण्याआधीच ॲड्रिनलीन भरून बाजूला ठेवायची शिस्त लावा.

पेशंट सावरला तरी लगेच सोडू नका, काही तासांनी रिॲक्शन उलटू शकते. आणि डिस्चार्ज कार्डावर त्या औषधाचं नाव ठळक लिहा. नुसतं ‘ड्रग ॲलर्जी’ वाचून पुढच्या डॉक्टरनं काय समजायचं?