चिचेन इत्झा, सेनोटे आणि रीफ, सगळं एकाच दिवसात?

प्रश्न: डिसेंबरमध्ये चार दिवस मेक्सिकोत कॅनकूनला चाललोय, सोबत सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि १० वर्षांचा मुलगा. एक एजंट म्हणतो चिचेन इत्झा (माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष), सेनोटे (चुनखडीतले नैसर्गिक डोह) आणि कोरल रीफवर (प्रवाळांच्या रांगेवर) स्नॉर्केलिंग एकाच दिवसात उरकेल. जमेल का? आणि सासूबाईंना चिचेन इत्झाचा पिरॅमिड चढवेल का?

उत्तर: नाही हो, उगाच दमछाक. चिचेन इत्झा कॅनकूनपासून साधारण २०० किमी आत, रीफ समुद्रात, म्हणजे दिवस गाडीतच जाणार. अवशेष आणि सेनोटे एका दिवशी करा, रीफला वेगळी सकाळ द्या.

पिरॅमिडचं टेन्शन सोडा, तो कुणालाच चढू देत नाहीत, कित्येक वर्षं बंद आहे. खालीच पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवा, पक्षी चिरकल्यासारखा प्रतिध्वनी येतो, पोरगं तिथून हलणार नाही बघा! गुडघ्यांचा खरा प्रश्न सेनोटेत येतो. तिथली जमीन चुनखडीची, पाऊस सगळा आत मुरतो, वर नद्या जवळपास नाहीतच, आणि खालच्या गुहेचं छत कोसळलं की हे डोह उघडे पडतात. जवळच्या इक किल नावाच्या सेनोटेचं पाणी जमिनीपासून जवळपास २६ मीटर खाली, पायऱ्या ओल्या, त्यामुळे सासूबाईंनी वरच्या कठड्यावरूनच बघितलेलं बरं, दिसतंही छान. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्यायला लावतात, सनस्क्रीन धुवून टाकायला, म्हणून ते फासत बसण्यापेक्षा लांब बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला, रीफवरही तोच चालेल. मुलाला लाइफ जॅकेट हवंच, पाणी खोल असतं.

एक गंमत, कॅनकूनचं घड्याळ चिचेन इत्झापेक्षा एक तास पुढे असतं. सहाला निघालात तर तिथल्या साडेसातला पोचाल, गेट आठला उघडतं, टूरच्या बसेस यायच्या आत निवांत फिरून होतं. येताना मात्र तोच तास जातो, संध्याकाळचं काही बुक करू नका.

रीफसाठी कोझुमेल बेटापेक्षा पुएर्तो मोरेलोस हे गाव बघा, कॅनकूनहून जवळ, रीफ किनाऱ्यालगत, फेरीबोटीची भानगड नाही. फक्त हिवाळ्यात उत्तरेकडून जोराचे वारे येतात, त्यांना तिकडे नोर्ते म्हणतात, आणि तेव्हा लहान बोटी बंद ठेवतात. म्हणून रीफ पहिल्याच दिवशी ठेवा, बोट रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतात.