मासे आणण्याआधी टाकी तयार होऊ द्या
टाकी मांडल्याच्या दिवशीच मासे सोडू नका. नवोदितांचे अनेक मासे याच घाईत दगावतात. विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर स्थिरावण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी भरलेल्या पण मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, की मगच मोजके मासे आणा.

तो स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य थांबवून थोडे पाणी त्वरित बदला.