सव्हानात आरव्ही घेऊन एक दिवस

प्रश्न: आम्ही चौघं न्यू जर्सीहून आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन फ्लोरिडाला चाललोय, वाटेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात एक दिवस आहे. आरव्ही गावात नेता येईल का, आणि बघायचं काय? आई पण आहेत सोबत, गुडघ्याचा त्रास आहे त्यांना.

उत्तर: नेऊ नका हो! जुन्या भागात रस्ते अरुंद, वर ओकच्या फांद्या खाली वाकलेल्या, पार्किंगचे हालच. स्किडअवे आयलंड स्टेट पार्कमध्ये आरव्ही लावा नि कॅब करून गावात या. सकाळीच निघा, उन्हाळ्यात दुपारी अगदी मुंबईसारखा घाम निघतो. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्पने छोट्या बागांसारखे चौक आखून हे गाव वसवलं, तसे २२ चौक आज आहेत, सगळे बघायची काही गरज नाही, चार-पाच बघा, बाकांवर सावलीत बसा, आईंनाही बरं पडेल. मग फोर्सिथ पार्कचं १८५८ चं कारंजं. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च मात्र चुकवू नका, गुलामीत असलेल्या लोकांनी रात्री जागून उभारलेली इमारत आहे ती, टूरची वेळ आधी बघून ठेवा. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला दगडी फरशी फार ओबडधोबड आणि जिने उभे, तिथे आईंना लिफ्टने न्या.