वाचकांचे प्रश्न : जमिनीत उष्णता सोडणारे वातानुकूलन आणि ठेकेदाराची निवड

प्रश्न : परभणीजवळ आम्ही मोठे घर बांधत आहोत. जमिनीत पाइप सोडून चालणारा भूऔष्णिक हीट पंप घर गार ठेवण्यासाठी बसवावा, असा मुलाचा आग्रह आहे. बोअरवेलचे स्थानिक ठेकेदार म्हणतात की तीन टनांच्या यंत्रासाठी प्रत्येकी २०० फुटांचे दोन बोअर पुरतील, दर फुटाप्रमाणे राहील आणि निम्मी रक्कम आधी द्यावी लागेल. हे काम त्यांच्याकडे सोपवावे का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : बोअर मारण्यासाठी हे ठेकेदार योग्य असू शकतात, परंतु संपूर्ण यंत्रणा त्यांच्या हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण त्यांनी सांगितलेल्या खोलीतच हिशेबाची मोठी चूक आहे. तीन टनांचे यंत्र घरातून सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता बाहेर काढते आणि त्यात कॉम्प्रेसरची दोन-अडीच किलोवॉटची भर पडून जवळपास १३ किलोवॉट उष्णता जमिनीत सोडावी लागते. बोअरच्या दर मीटरला ४० ते ५० वॉट हा सर्वसाधारण ठोकताळा धरला, तर एकूण खोली २६० ते ३२५ मीटर, म्हणजे साधारण ८५० ते १,०७० फूट लागेल. आपल्याला सांगितलेली खोली केवळ ४०० फूट आहे.

त्यातही हा ठोकताळा थंड देशांतील आहे. तिकडे उन्हाळ्यात जमिनीत गेलेली उष्णता हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी पुन्हा वर घेतली जाते. आपल्याकडे तशी गरज नसल्यामुळे बोअरभोवतीचा खडक वर्षागणिक तापत जातो. मराठवाड्यात खोलवरच्या जमिनीचे तापमान २७-२८ अंशांच्या आसपास राहते आणि मे महिन्यातील ४२ अंशांच्या हवेपेक्षा ते नक्कीच अनुकूल आहे, त्यामुळे मुलाची कल्पना चुकीची नाही. पण बोअर अपुरे असतील, तर हा लाभ काही वर्षांतच ओसरेल. म्हणून दोन बोअरमध्ये किमान सहा मीटर अंतर ठेवावे आणि यंत्राने बाहेर टाकलेल्या उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवण्याची सोय सुरुवातीलाच करून घ्यावी. घरात दोनच खोल्या गार करायच्या असतील, तर मात्र एवढा खर्च करू नये. गच्चीवर सावली आणि चांगला इन्व्हर्टर एसी पुरेसा आहे.

या कामात बोअर मारणारा, पाइप जोडणारा आणि यंत्र बसवणारा असे तीन वेगवेगळे कारागीर असतात. यंत्र नीट चालले नाही की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि बोअरची गाडी तर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. त्यासाठी यंत्रणेचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याशी किंवा कंपनीशी एकच लेखी करार करावा, बाकीच्यांना त्यांच्या हाताखाली नेमावे आणि यापूर्वी त्यांनी बसवलेली, किमान एक उन्हाळा चाललेली यंत्रणा प्रत्यक्ष पाहून यावी. असे काम दाखवता येत नसेल, तर पुढे जाऊ नये.

निम्मी रक्कम आधी देऊ नये. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. बोअर झाल्यावर वजन बांधलेली दोरी सोडून खोली स्वतः मोजावी. पाइप एचडीपीईचा (एक मजबूत, टिकाऊ प्लास्टिक) असावा, त्याचे सांधे उष्णतेने वितळवून जोडलेले असावेत, आणि बोअर बुजवण्यापूर्वी पाण्याच्या दाबाची चाचणी आपल्या समोर व्हावी, कारण नंतर खाली गळती सापडली तरी दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. पाइपभोवतीची पोकळी मुरमाने किंवा कपचीने भरू देऊ नये. तळापासून वर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी एक चिकणमाती) किंवा सिमेंटमिश्रित गाळ दाबाने भरला पाहिजे. त्याने उष्णता खडकात जाते आणि वरचे घाण पाणी खालच्या भूजलात उतरत नाही. ज्या प्रदेशात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे या दुसऱ्या कारणाला आम्ही अधिक महत्त्व देतो. त्याच कारणाने भूजल उपसून यंत्र गार करण्याची योजना कोणी सुचवली, तरी स्वीकारू नये.

राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींविषयी निर्बंध आहेत. काम सुरू होण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून लेखी अभिप्राय घ्यावा.

प्रश्न : अंगणात कोरडा पडलेला जुना बोअर आहे. त्यातच हे पाइप सोडले तर खर्च वाचेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : काही अंशी वाचेल. मात्र कोरड्या बोअरमध्ये पाइपभोवती हवा राहते आणि हवेतून उष्णता फार कमी वाहते, त्यामुळे वर सांगितलेले भरण इथे अधिकच आवश्यक आहे. आधी बोअरमध्ये कॅमेरा सोडून तो कुठे ढासळला आहे का, हे पाहावे. खाली-वर जाणारे दोन पाइप आणि भरणाची नळी एकत्र उतरत नसतील, तर त्या बोअरचा नाद सोडून नवीन बोअर घ्यावा.