वाचकांचे प्रश्न : वाळवंटातील विद्यापीठे आणि अथणीचे पाणी

प्रश्न : मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातील असून भूगोल विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. वाळवंटी प्रदेशांतील नैसर्गिक साधनसंपत्ती, पाणी व पर्यावरण यांवर विद्यापीठांनी केलेले अभ्यास प्रकल्पासाठी वाचावेत, असे मनात आहे. ते कोठे मिळतील आणि आमच्या तालुक्याला ते लागू पडतील का? (एक विद्यार्थिनी, अथणी)

उत्तर : साहित्य मिळवण्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. अमेरिकेतील टूसॉन येथे १९०३ साली सुरू झालेली वाळवंट प्रयोगशाळा आज ॲरिझोना विद्यापीठाकडे असून त्याच विद्यापीठाचे जलसंसाधन संशोधन केंद्र आपली बरीच प्रकाशने इंटरनेटवर विनामूल्य देते. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठाची वाळवंट संशोधन संस्था त्या देशातील नेगेव्ह वाळवंटातच, स्दे बोकेर येथे आहे. मात्र आपण सुरुवात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेपासून करावी. १९५९ पासूनची ही संस्था विद्यापीठ नसली, तरी थरचे वाळवंट, तेथील पावसाचे पाणी साठवण्याची टाकी, खडीन (उतारावरून आलेले पाणी बांध घालून शेतात अडवण्याची पद्धत) आणि चराऊ राने यांवरील तिचे काम आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ आणि कृषी विद्यापीठांतील प्रबंध ‘कृषिकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात.

लागू पडण्याचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. नेगेव्हमधील अवदात येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांनी प्राचीन शेतीपद्धतीचा पुन्हा प्रयोग केला, तेव्हा सुमारे १०० मिलिमीटर पावसात एका हेक्टर शेतासाठी वीस ते तीस हेक्टर उतारावरून वाहून येणारे पाणी लागते, असे दिसून आले. वीस हेक्टरांवरील पावसाचा १५ टक्के भाग जरी वाहून आला, तरी शेताला ३०० मिलिमीटरची भर पडते आणि स्वतःच्या पावसासह एकूण ओल ४०० मिलिमीटर होते. अथणीच्या शेतावर सरासरी वर्षी याहून अधिक पाऊस थेट पडतो. म्हणजे तेथील उताराचे आणि शेताचे प्रमाण उचलून आपल्याकडे लावणे निरर्थक ठरेल. घेण्याजोगी आहे ती हिशेबाची रीत, म्हणजे पडले किती, वाहिले किती, मुरले किती आणि उडून गेले किती, हे प्रत्येक शेतापुरते मांडण्याची शिस्त.

आपल्याकडील काळी जमीन पाणी सावकाश पिते, पण प्यायलेले दीर्घकाळ धरून ठेवते, आणि शाळूचे (रब्बी ज्वारीचे) पीक प्रामुख्याने या साठलेल्या ओलीवरच येते. त्यामुळे पावसाळ्यात बंदिस्त वाफे (चारही बाजूंनी लहान बांध असलेले) पाडून पाणी जागीच मुरवण्यावर विजापूर व सोलापूर येथील कोरडवाहू संशोधन केंद्रांनी भर दिला असून या दोन्ही ठिकाणचे काम १९३०च्या दशकापासूनचे आहे. विजापूरचे केंद्र धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठाकडे आणि सोलापूरचे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. सीमाभागात राहून कन्नड व मराठी दोन्ही वाचता येत असतील, तर दोन्हीकडच्या पुस्तिका मागवाव्यात. दोन राज्यांतील शेतकऱ्यांना एकाच प्रकारच्या मातीबद्दल काय सांगितले जाते, याची तुलना हेच प्रकल्पाचे एक चांगले प्रकरण होऊ शकेल आणि आमच्या मते ते परदेशी उदाहरणांच्या यादीपेक्षा वाचनीय होईल.

प्रश्न : कृष्णाकाठची आमची उसाची जमीन पांढरी पडू लागली आहे. वाळवंटी भागातील संशोधनात यावर उपाय आहे का? (एक शेतकरी, रायबाग तालुका)

उत्तर : आहे, कारण क्षार साठून जमीन पांढरी पडण्याचे हे संकट ओलिताखालील कोरड्या प्रदेशांनी फार पूर्वी अनुभवले आहे. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेले क्षारयुक्त आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनींचे वर्गीकरण मातीपरीक्षणात आजही आधारभूत मानले जाते. केवळ क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि चांगले पाणी लागते. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत होतो, तोही निचरा असल्यासच. तेव्हा जिप्समची पोती आणण्यापूर्वी मातीचा सामू (पीएच), विद्युत वाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारी) आणि विनिमयक्षम (मातीच्या कणांना धरून असलेला) सोडियम तपासून घ्यावा.