गाडीचं ऑईल घरी बदलताय? आधी पुठ्ठा अंथरा!

(या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे आहेत, ऑईल बदलता येतं पण हात, कपडे, फरशी सगळं काळं होतं. त्यातले निवडक घेतलेत.)

प्रश्न : नमस्कार सर, इंजिन ऑईल मी स्वतःच बदलतो, काम जमतं पण ड्रेन प्लग (जुनं ऑईल सोडायच्या भोकाचा बोल्ट) निघाला रे निघाला की ऑईल मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं आणि पहिली धार हमखास ट्रेच्या बाहेर पडते. प्लगच्या बरोब्बर खाली ट्रे ठेवूनही असं का होतं?

उत्तर : बरोब्बर खाली ठेवता म्हणूनच होतं! बऱ्याच गाड्यांमध्ये प्लग चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीच्या) तळाला नसतो, बाजूला किंवा तिरका बसवलेला असतो, आणि चेंबर भरलेलं असताना वरच्या ऑईलचा दाब असतो त्यामुळे पहिली धार खाली न पडता प्लगचं तोंड जिकडे आहे तिकडे चांगली लांब उडते. म्हणून ट्रेचा मोठा भाग त्या दिशेला सरकवून ठेवायचा. मग ऑईल कमी होत जातं तशी धार मागे मागे येते आणि शेवटी तर चेंबरच्या पोटाला चिकटून ओघळते, तेव्हा ट्रे परत आत ओढायचा. म्हणजे प्लग काढून चहा प्यायला जायचं नाही, निदान पहिली दोन-तीन मिनिटं तरी तिथेच थांबायचं. उघड्यावर काम करत असाल तर वारा बारीक धारेला कुठेही नेतो, अशा वेळी ट्रे विटेवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून वर घ्या, धार जितकी कमी उंचीवरून पडेल तितके शिंतोडे कमी.

आता कोपराचं. पाना लावून प्लग फक्त सैल करायचा, पुढचे आटे हाताने सोडवायचे, आणि सोडवताना प्लग आतल्या बाजूला दाबून धरायचा. दाब असला की आट्यांमधून ऑईल झिरपत नाही. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं, त्या क्षणी प्लग झटकन बाजूला घ्यायचा, धारेच्या उलट दिशेला. आणि हाताचा पंजा वर, कोपर खाली अशा अवस्थेत काम केलं तर ऑईल कोपराकडेच येणार ना, त्याला काही इलाज नाही, म्हणून बाजूने हात घाला, कोपर पंजाच्या लेव्हलला ठेवा. नायट्राईलचे हातमोजे घालाच, वापरलेलं ऑईल कातडीला सारखं सारखं लागणं चांगलं नाही.

इंजिन किती गरम हवं हे पण बरेच जण विचारतात. थंडगार असेल तर ऑईल जाड राहतं, निथळायला वेळ लागतो, आणि लांबून गाडी चालवून आल्या आल्या प्लग खोलला तर जवळपास उकळत्या पाण्याइतकं गरम ऑईल हातावर येतं, मग माणूस प्लग सोडतो, तो ट्रेमध्ये पडतो आणि सगळीकडे शिंतोडे! चार-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा, पुरे. वरचं ऑईल भरायचं झाकण आधीच सैल करून ठेवलं की हवा आत जाते आणि धार एकसारखी पडते. आणि हो, गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही, स्टँड किंवा रॅम्प पाहिजेच, यात तडजोड नाही.

प्रश्न : प्लगचं जमलं पण ऑईल फिल्टर आडवा आहे आणि नेमका खालच्या लोखंडी पट्टीच्या आणि सायलेन्सरच्या पाईपच्या वर आहे. फिल्टर सैल केला की ऑईल तिथे सांडतं आणि नंतर कितीतरी दिवस गाडीतून जळका वास येतो. काहीतरी जुगाड सांगा.

उत्तर : माझं तर मत आहे की खरा पसारा फिल्टरच करतो, प्लगला लोक उगाच घाबरतात. फिल्टरच्या आत बरंच ऑईल साठलेलं असतं आणि तो आडवा असला की रबर रिंगची पकड सुटता क्षणी खालच्या कडेने ओघळायला लागतं.

सोपा उपाय, जाड प्लास्टिकची पिशवी. फिल्टर आधी पान्याने जेमतेम सैल करा, ऑईल ओघळायच्या आतच थांबा, मग पिशवी पूर्ण फिल्टरवर चढवा, तोंड इंजिनला टेकेल इतकी, आणि पिशवीच्या बाहेरूनच फिल्टर हाताने फिरवा. ओघळलेलं ऑईल पिशवीत आणि फिल्टर सुटला की तो पण पिशवीत. फक्त सायलेन्सरचा पाईप तोपर्यंत गार झालेला पाहिजे नाहीतर पिशवी वितळून पाईपला चिकटेल आणि ते खरवडणं ऑईल पुसण्यापेक्षा वाईट. जागा अडचणीची असेल आणि पिशवी बसत नसेल तर अल्युमिनियम फॉईलचे दोन-तीन थर घेऊन पन्हाळीसारखा आकार द्या, एक टोक फिल्टरच्या खाली खोचा, दुसरं ट्रेमध्ये सोडा. फॉईल हवी तशी वाकते आणि तशीच राहते, म्हणून पुठ्ठ्यापेक्षा इथे फॉईलच बरी. एवढं करूनही पाईपवर पडलंच तर इंजिन गार असताना ब्रेक क्लीनर (तेलकटपणा काढायचा स्प्रे) मारून पुसून टाका, आणि तो पूर्ण उडून गेल्याशिवाय गाडी चालू करू नका, ज्वालाग्राही असतो.

फिल्टर वरच्या बाजूला उभा असेल तर तुमचं नशीब चांगलं, थोडा सैल करून काही मिनिटं तसाच सोडा, आतलं बरंचसं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. जुन्या फिल्टरची रबर रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते, ती न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, आणि इंजिन चालू केल्यावर दाबाने ऑईल भसाभस बाहेर येतं. हा सगळ्यात मोठा पसारा आणि वेळेत लक्षात आलं नाही तर इंजिनची पण वाट. म्हणून बसायची जागा पुसा, बोट फिरवा, नव्या रिंगला नवीन ऑईलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे.

प्रश्न : बंद डब्यासारखा ट्रे घेतला, वर खोलगट ताटली आणि मध्ये भोक. ऑईल भोकातून आत जायच्या ऐवजी ताटलीतच भरत गेलं आणि काठावरून सांडलं. ट्रे खराब आहे का?

उत्तर : ट्रे ठीक आहे, बाजूचं हवेचं झाकण उघडलं नसणार. आत ऑईल जायचं तर आतली हवा बाहेर पडायला पाहिजे. दुसरं म्हणजे तुमचा प्लग बहुतेक त्या भोकावरच जाऊन बसला असेल, तिथे जाळी टाका. आणि घेतानाच ट्रे इंजिनच्या ऑईलपेक्षा निदान दोन लिटर मोठा घ्या, छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनात साधारण साडेतीन ते पाच लिटर असतं, मोठ्या इंजिनात जास्त. काठोकाठ भरलेला ट्रे सरकवताना जे सांडतं ते काम झाल्यावर सांडतं म्हणून जास्त डोकं फिरतं.

प्रश्न : नवीन ऑईल ओतताना कॅन गुडगुड करतं आणि इंजिनवर उडतं, नरसाळं वापरूनही.

उत्तर : कॅन उलट धरताय. तोंड एका कडेला असतं ना, ती कड वरच्या बाजूला ठेवून कॅन आडवं करा, म्हणजे हवा आत जात राहते आणि धार शांत पडते. सगळं एकदम ओतू नका, थोडं कमी भरा, डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) बघा, मग उरलेलं. ओतायच्या आधी प्लग नव्या वॉशरसकट लावलाय ना ते खाली वाकून बघा, हसू नका, हे होतं.

प्रश्न : डिपस्टिकच्या नळीतून ऑईल ओढून घेणारा पंप मिळतो म्हणे, म्हणजे गाडीखाली जायलाच नको. घ्यावा का?

उत्तर : फिल्टर वरून निघत असेल तर जरूर घ्या, पसारा जवळपास शून्य, खालचं कव्हर काढायचीही कटकट नाही. पण काही गाड्यांत नळी चेंबरच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून किती ऑईल निघालं ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. फिल्टर खालीच असेल तर तसंही गाडीखाली जावंच लागणार, मग पंपाचा अर्धा फायदा गेला.

प्रश्न : सिमेंटच्या फरशीवर डाग पडलाय, पाणी मारलं तर आणखी पसरला. आणि जुन्या ऑईलचं काय करू?

उत्तर : पाणी शेवटी, आधी कोरडं. लाकडाचा भुसा किंवा मांजरीच्या ट्रेसाठी विकत मिळते ती कोरडी माती (कॅट लिटर) डागावर जाड पसरा, बुटाने रगडा, रात्रभर राहू द्या, मग झाडून घ्या. उरलेल्या डागावर कपड्याच्या पावडरीची घट्ट पेस्ट आणि ताठ ब्रश. जुना, आत मुरलेला डाग पूर्ण जाईल असं नाही, फिका नक्की होतो. पेट्रोल ओतून घासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पुढच्या वेळी खाली प्लास्टिक आणि त्यावर मोठा पुठ्ठा, नुसतं प्लास्टिक नको, त्यावर ऑईल वाहतं आणि तुम्ही त्यातच सरकता.

जुनं ऑईल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये नरसाळ्याने भरा, झाकण घट्ट, वर "जुनं ऑईल" असं लिहा. त्यात कूलंट, ब्रेक ऑईल, पेट्रोल काहीही मिसळू नका, मिसळलेलं असेल तर पुनर्वापरासाठी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. गटारात किंवा मातीत तर अजिबात नाही. फिल्टर भोकाची बाजू खाली करून रात्रभर निथळत ठेवा, त्यातून आणखी ऑईल निघतं, तेही त्याच कॅनमध्ये. ऑईल प्यायलेला भुसा आणि चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून त्याच ठिकाणी घेतात का ते विचारा.