‘काळी कुत्री मागे चालत होती’ : स्वप्नफळ, दृष्टान्त की प्रतीक?

पंचवटीतल्या एका वाचकाचा प्रश्न असा : ‘आजीला पहाटे स्वप्न पडलं. ती म्हणाली, गोदाघाटावरून जाताना काळी कुत्री मागे चालत होती. आजीच्या मते हा दत्ताचा दृष्टान्त. मोबाइलवर शोधलं तर “स्वप्नात कुत्रा पाहणे : शुभ संकेत”, आणि त्याखालीच “मृत्यूची सूचना”. मराठीत अशा स्वप्नाला काय म्हणावं? स्वप्नफळ, दृष्टान्त, संकेत, शकुन की प्रतीक? आणि अर्थ कोणता धरावा?’

अर्थाकडे वळण्याआधी आजींचं वाक्य नीट वाचायला हवं, कारण ते दोन प्रकारे वाचता येतं. कुत्रा पुल्लिंगी, कुत्री स्त्रीलिंगी, कुत्रं नपुंसकलिंगी. यातल्या नपुंसकलिंगी ‘कुत्रं’चं अनेकवचनही ‘कुत्री’च होतं. ‘काळी’ हे विशेषण दोन्हीकडे तेच, ‘होती’ हे क्रियापद तेच, आणि सर्वनाम लावलं तरी ‘ती’ तेच. म्हणजे ‘ती काळी कुत्री मागे चालत होती’ यात एक मादी असेल किंवा अख्खं टोळकं असेल, वाक्यावरून सांगता येणार नाही. वर्तमानकाळात मात्र फरक लगेच उघडा पडतो : ‘कुत्री चालते’ आणि ‘कुत्री चालतात’. म्हणून कुणाचं स्वप्न ऐकताना ‘एकच होती का बरीच?’ हे आधी विचारावं. स्वप्नफळाच्या याद्या करणारे इथेच घसरतात. एकीच्या दिसण्याचं फळ टोळक्याला लावलं जातं, किंवा उलट.

आता क्रियापद. मराठीत झोपेतलं स्वप्न ‘पडतं’, तेही ‘मला’ पडतं. स्वप्नात कुत्रा ‘दिसतो’ किंवा ‘येतो’. ‘स्वप्न पाहणे’ म्हणजे मनसुबे बांधणे : घराचं स्वप्न पाहिलं, मुलाला डॉक्टर करायचं स्वप्न पाहिलं. ‘स्वप्नात कुत्रा पाहणे’ हे मथळे हिंदीतल्या ‘सपने में कुत्ता देखना’वरून जसेच्या तसे उतरलेले आहेत. त्याच वाटेने ‘काटना’चं ‘कापणे’ झालेलंही दिसतं. आपल्याकडे कुत्रा चावतो, लचका तोडतो, त्याचे दात लागतात, नख लागतं. चावण्यातही एक बारकावा आहे. दंशाच्या अर्थी मुळातली रचना ‘कुत्रा मला चावला’ अशी. ‘कुत्र्याने चप्पल चावली’ म्हणजे चघळली. ‘कुत्र्याने चावा घेतला’ हेही चालतं. स्वप्नाचा अर्थ लावणारी जुनी परंपरा कुत्रा काय करत होता यावरच उभी आहे, त्यामुळे क्रियापद बदललं की फळ बदलतं. भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं आणि हेल काढून रडणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भुंकण्यात इशारा असतो, गुरगुरण्यात धमकी, केकाटण्यात त्याला स्वतःला झालेली इजा; आणि अशुभ मानलं जातं ते रडणं. याद्यांमध्ये या चारांच्या जागी सरसकट ‘ओरडणे’ लिहितात आणि सगळी माहिती तिथेच हरवते.

शब्दांपैकी ‘शकुन’ आधी बाजूला काढू. शकुन म्हणजे मुळात पक्षी. पक्ष्यांच्या हालचालीवरून पुढचं ओळखण्याची रीत पडली आणि तिचंच नाव पुढे सर्व जागेपणीच्या खुणांना लागलं. कुत्र्यांचे शकुन हा प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहिता या ग्रंथातला स्वतंत्र अध्याय आहे, त्याचं नाव श्वचक्र. बाहेर निघताना दारातल्या कुत्र्याने कान फडफडवले, तर तो अपशकुन. तो जागेपणीचा आहे. स्वप्नातल्या कुत्र्याला शकुन म्हणू नये. त्यासाठी ‘स्वप्नफळ’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

हे नियम समजले की ‘शुभ’ आणि ‘मृत्यूची सूचना’ एकाच पानावर का येतात, तेही कळतं. मृत्यूवाल्या अर्थाचं जुनं मूळ चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, इंद्रियस्थान या भागाच्या पाचव्या अध्यायात सापडतं. तिथे म्हटलंय की जो स्वप्नात कुत्री, उंट किंवा गाढवं यांच्या संगतीने दक्षिणेकडे जातो, तो यक्ष्म्याने म्हणजे क्षयाने दगावतो. आणि जो स्वप्नात प्रेतांबरोबर मद्य पितो व ज्याला कुत्रा ओढत नेतो, तो घोर ज्वराने. दोन्ही ठिकाणी कुत्रा नुसता दिसत नाही. पहिल्या ठिकाणी दिशा यमाची आहे, दुसऱ्या ठिकाणी सोबत मेलेल्यांची आहे. शिवाय तो अध्याय रोगाच्या पूर्वरूपांचा, म्हणजे रोग होण्याआधी दिसणाऱ्या लक्षणांचा आहे, वैद्याने रोग्याबद्दल अंदाज कसा बांधावा यासाठी लिहिलेला. यातल्या अटी गाळून ‘कुत्रा म्हणजे मृत्यू’ एवढंच उचललं, की धडधाकट माणूस सकाळी उठून घाबरतो.

त्याच अध्यायात पुढे स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत कामाचा भाग तोच आहे. दृष्ट म्हणजे पाहिलेलं : संध्याकाळी गल्लीत कुत्र्यांची झुंज पाहिली, रात्री ती स्वप्नात आली. श्रुत म्हणजे ऐकलेलं : शेजारच्या मुलाला कुत्रा चावल्याची बातमी कानावर आली. अनुभूत म्हणजे स्वतः भोगलेलं : लहानपणी चावा बसला होता. प्रार्थित म्हणजे हवं असलेलं : पिल्लू पाळायची इच्छा आहे. कल्पित म्हणजे मनाने रचलेलं. सहावं भाविक, पुढचं सुचवणारं. आणि सातवं दोषज, वात-पित्त-कफाच्या बिघाडाने पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ, असं चरक स्पष्ट सांगतो. दिवसा पडलेलं, फार आखूड आणि फार लांबलेलं स्वप्नही निष्फळ. शहरात राहणाऱ्याला रोज रस्त्यावर कुत्री दिसतात, रात्री ऐकू येतात. त्याच्या स्वप्नातली बहुतेक कुत्री या पहिल्या पाचांतच मोडतील. आपली ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण हेच पाच प्रकार एका ओळीत बांधते.

अनुभूत प्रकाराबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कुत्रा खरोखर चावला असेल आणि मग त्याची स्वप्नं पडत असतील, तर फळ शोधत बसू नये. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. पिसाळलेल्या कुत्र्याला सुश्रुत ‘अलर्क’ म्हणतो. ज्याला चावलेला प्राणी पाण्यात किंवा आरशात दिसू लागतो, त्याची आशा नाही, असं तो लिहितो. ते लक्षण जागेपणीचं आहे आणि त्यानंतर आजही उपाय जवळजवळ उरत नाही.

‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हा समज पुराणातल्या प्रहरांच्या हिशेबावरून आला. रात्रीचे चार प्रहर, प्रत्येक साधारण तीन तासांचा. अग्निपुराणातल्या क्रमाने पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षाने फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातलं तीन महिन्यांनी, चौथ्यातलं पंधरवड्यात आणि अरुणोदयाचं दहा दिवसांत. मुद्दा लवकर फळण्याचा आहे, ‘खरं’ होण्याचा नाही. चरक याला आणखी दोन अटी जोडतो. स्वप्न पडल्यावर पुन्हा झोप लागली नाही तरच फळ मोठं. आणि वाईट स्वप्नानंतर त्याच रात्री चांगलं पडलं, तर चांगल्याचं फळ धरायचं. ‘दचकून उठले आणि पुन्हा डोळा लागला’ असं कुणी सांगितलं, तर परंपरेच्याच हिशेबाने अर्धी भीती तिथे संपते.

दृष्टान्ताचं तसं नाही. हा शब्द संस्कृत न्यायशास्त्रात ‘उदाहरण’ या अर्थी आहे. धूर आणि अग्नी यांच्या नात्यासाठी स्वयंपाकघराचा दाखला देतात, तो दृष्टान्त. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथातही तो बोधकथेचाच अर्थ देतो. मराठी बोलीने मात्र त्याला दुसराच अर्थ दिला : देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन काहीतरी सांगणं. देव दृष्टान्त ‘देतो’, भक्ताला दृष्टान्त ‘होतो’. दृष्टान्त पडत नाही आणि कुणी पाहतही नाही. अमक्या विहिरीत मूर्ती आहे, ती वर काढ, असा निरोप असला की दृष्टान्त. सांगणारा ओळखू यावा लागतो आणि सांगणंही लागतं.

आजींच्या स्वप्नाला हे लावून पाहू. दत्ताच्या चित्रात मागे गाय आणि पायाशी चार कुत्री असतात; ती चार वेद मानतात. गोदाघाटावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, त्यामुळे घाट आणि कुत्री एकत्र आल्यावर आजींच्या मनात दत्त येणं अगदी साहजिक आहे. पण त्यासाठी ‘कुत्री’ अनेकवचनी हवी. एकच काळी असेल, तर परंपरेतलं जवळचं दैवत भैरव. कुत्रा त्याचं वाहन. खंडोबाबरोबरही कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवत आले आहेत. देवळालीच्या खंडोबा टेकडीवर नेमाने जाणाऱ्याच्या घरी तेच स्वप्न खंडोबाचं ठरेल. कुत्र्यामागे एवढी दैवतं उभी असताना, कुणी काही बोललं नसेल तर ‘दृष्टान्त झाला’ म्हणण्याऐवजी ‘दत्ताची कुत्री स्वप्नात आली’ म्हणावं. श्रद्धेला त्यात काही कमीपणा येत नाही आणि शब्दही जागेवर राहतो.

‘काळ्या कुत्र्याला शनिवारी तेल लावलेली पोळी घाला, केतू शांत होईल’ हा उपाय हल्ली फार फिरतो. कुत्रा म्हणजे केतू हे समीकरण ‘लाल किताब’मुळे पसरलं. ती पुस्तकं १९३९ ते १९५२ या काळात उर्दूत निघाली. जुन्या मराठी स्वप्नफळाशी त्यांचा संबंध जोडू नये.

‘प्रतीक’ आणि ‘संकेत’ यांतही गल्लत होते. संकेत म्हणजे आधी ठरलेली खूण. ती सगळ्यांना सारखीच. प्रतीकाचा अर्थ ज्याचं त्याच्याकडे राहतो. ‘कुत्रा म्हणजे निष्ठावान मित्र’ ही ओळ इंग्रजी स्वप्नकोशांतून आली आहे. मराठीत कुत्रा इमानी आहेच. पण ‘कुत्रं हाल खात नाही’, ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’, ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ हीही त्याचीच रूपं आहेत. लाचारी, हेळसांड, फुकटखाऊपणा, सगळं त्या एका प्राण्यावर लादलेलं. अशा भाषेत वाढलेल्याच्या स्वप्नातला कुत्रा मित्रच असेल, हे कशावरून? दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नज्ञ आर्टेमिडोरससुद्धा घरचा कुत्रा, शिकारी कुत्रा आणि परका कुत्रा वेगळे धरतो. परक्याने शेपूट हलवली तर तो दगा समजतो. मनोविश्लेषक फ्रॉइडने स्वप्नांवरच्या १९००च्या ग्रंथात ‘अमुक दिसलं म्हणजे तमुक’ ही कोशाची पद्धत अपुरी ठरवली. स्वप्नाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावरून माणसाला काय आठवतं ते त्यालाच विचारायचं, ही त्याची रीत. प्रतीक हा शब्द वापरायचा तर एवढे कष्ट घ्यावेत : कुत्रा कुणासारखा वाटला, कुठल्या गल्लीतला, त्याला पाहून पहिलं नाव कुणाचं आठवलं.

राहिला पितृपक्ष. रामकुंडावर श्राद्ध करून आलेल्या घरात त्या दिवसांत कुत्रा स्वप्नात आला की ‘पितर काही मागताहेत’ असं म्हणतात. यमाचे दोन कुत्रे, चार डोळ्यांचे, ऋग्वेदात आहेत. पुढे त्यांची नावं श्याम आणि शबल पडली, आणि श्राद्धातला श्वानबळी त्यांच्या नावानेच निघतो. इथला ‘बळी’ म्हणजे काढून ठेवलेला घास, जसा काकबळी. श्वानबळी म्हणजे कुत्र्याचा बळी असं समजून दचकणारे भेटतात, म्हणून बोलताना सरळ ‘कुत्र्याचा घास’ म्हणावं. तो पानाबाहेर वेगळा काढतात, कावळ्याच्या घासात मिसळत नाहीत, आणि जमिनीवर हळू ठेवायचा, भिरकवायचा नाही, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. स्वप्न पडलं म्हणून वेगळा विधी करण्याची गरज नाही. श्राद्धाच्या दिवशी घास निघाला नसेल, तर दुसऱ्या दिवशी दारातल्या कुत्र्याला पोळी घालावी.